पाण्याचा ओव्हरड्राफ्ट

खात्यात शिल्लक नसताना मंजुरी घेऊन पैसे काढले, तर त्याला आम्ही बँकेत ओव्हरड्राफ्ट म्हणतो. न विचारता काढले, तर दुसरे नाव देतो. या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे असते, हा प्रश्न वीस वर्षे काउंटरवर बसून मला कधी पडला नाही. तो पडला अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात, आणि तोही अंगाला साबण लावलेला असताना.

धाकट्या भावाने आम्हां उभयतांना फिरवायला आरव्ही भाड्याने घेतली होती. आरव्ही म्हणजे चाकांवरची वन रूम किचन. न्हाणीसुद्धा असते, पण पाणी टाकीत असेल तेवढेच. भिंतीवरचे टाकीचे दिवे दाखवून भावाने बजावले, "अण्णा, अंग ओलं करायचं, नळ बंद. साबण लावायचा, मग नळ चालू." चाळीत वाढलेल्या माणसाला त्याने हे शिकवावे!

सकाळी मीड तलावात बोट काढली. कोलोरॅडो नदीवर १९३० च्या दशकात हूवर धरण बांधले, त्याचा हा जलाशय. पाणी निळेशार, पण काठच्या खडकांवर, पाण्याच्या वर, पांढरा पट्टा. आपल्या बादलीला क्षार चढतात ना, तसा. तलाव भरला की पातळी समुद्रसपाटीपासून १,२२९ फूट असते. जुलै २०२२ मध्ये ती १,०४० च्या आसपास उतरली होती.

"१९२२ साली सात राज्यांनी हे पाणी वाटून घेतलं," भाऊ म्हणाला. "वरच्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्यांना तेवढंच. पण हिशेब धरला तो भरपूर पाण्याच्या वर्षांचा. एरवी नदीत तेवढं पाणी नसतंच."

"म्हणजे बोनसचा महिना धरून कर्ज मंजूर केलं!" मी ओरडलो. बोट हलली. "सह्या करणारे कुठायत?"

"गेले सगळे."

"मग वसुली?"

भावाने लाइफ जॅकेटात बुडालेल्या आपल्या नऊ वर्षांच्या पोराकडे हनुवटी केली.

दुपारी 'व्हॅली ऑफ फायर' नावाचे उद्यान. उद्यान म्हणजे फुलझाडे नव्हेत. लालभडक वालुकाश्म, सुमारे पंधरा कोटी वर्षांचा. वाळू तुडवत 'माउसची टाकी' पाहिली. १८९० च्या दशकात माउस नावाचा पायूट जमातीचा इसम कायद्यापासून पळून इथे लपला होता. खडकाच्या खळग्यात पावसाचे पाणी महिनोन्महिने टिकते, त्यावर त्याने दिवस काढले. सरकारदप्तरी गुन्हेगार, पण पाण्याच्या बाबतीत चोख. जमा तेवढाच खर्च. असा एक खातेदार आमच्या शाखेत असता तर!

रात्री पाठ पोळलेली, कानात वाळू. अंग ओले केले. नळ बंद करायचा होता. केला नाही. साबण लावतानाही केला नाही. किती वेळ, ते सांगत नाही. बाहेर आलो तर पुतण्या टॉवेल घेऊन दारात उभा.

सकाळी चहाला पाणी नाही. भावाने दिवे पाहिले आणि पोराला धरले. "काल शेवटची आंघोळ कुणाची?"

पोराने माझ्याकडे पाहिले. "माझी."

खोटे नव्हते. माझ्यानंतर त्याचाच नंबर होता. शिक्षा झाली : आज बोट बंद. मी घसा खाकरला, आणि चष्मा पुसला. हिने माझ्याकडे पाहिले. लग्नाला वीस वर्षे झाली की बायकोला भिंतीवरचे दिवे लागत नाहीत.

मग त्याला एकट्याला गाठून मी पाच डॉलरची नोट पुढे केली. त्याने ती उलटसुलट पाहिली.

"काका, हे कशाचे?"

कोणत्या खाती टाकावी, ते मला सांगता येईना.