शिक्षेचा उपवास देवाला पोचतो का?

आजचं वाचन: श्रीगुरुचरित्र, अध्याय 13

मित्रांनो, आमच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा म्हणजे श्रीनृसिंहसरस्वती स्वामींचं जन्मस्थान. त्यामुळे गुरुवारचा उपवास मला कुणी वेगळा शिकवला नाही, घरात तो होताच. उपवासाबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच आजचा प्रश्न जपून मांडतोय.

आमच्याकडची एक मुलगी पुण्यात नोकरी करते. दिवसभर ठीक असते. रात्री खोलीवर आली की पोट भरलेलं असतानाही खात सुटते. फरसाण, बिस्किटं, हाताला लागेल ते. दार लावून, भराभर. थांबावंसं वाटतं, पण थांबता येत नाही. मग रडू, आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत उपवास. मी म्हटलं, "अगं, गुरुवार तर परवा आहे." ती म्हणाली, "तो दत्तगुरूंचा. आजचा शिक्षेचा आहे."

शिक्षा म्हणून केलेला उपवास ही भक्ती आहे का?

तेराव्या अध्यायात गोदावरीकाठी, वासर क्षेत्री, एक ब्राह्मण पोटशूळाने हैराण झालेला आहे. जेवला की वेदना, म्हणून तो जेवणच टाळतो. महानवमीला पक्वान्न जेवला आणि शूळ असा उठला की जीव द्यायला नदीत उतरला. श्रीगुरूंनी शिष्यांकरवी त्याला परत आणलं. औषध काय सांगितलं? अन्न! सायंदेवाला सांगितलं, याला जेवू घाल. वडे, उडदाचे पदार्थ, खीर. सायंदेव घाबरला, हा जेवून मेला तर? पण श्रीगुरूंच्या शब्दावर त्याने घरी पान मांडलं. श्रीगुरू स्वतः तिथे भिक्षेला गेले. तो ब्राह्मण सगळ्यांबरोबर जेवला आणि बरा झाला.

त्याचा आजार वेगळा होता, हे मान्य. पण मला दोन गोष्टी दिसतात. अन्नाला वैरी मानणाऱ्याला श्रीगुरूंनी आणखी उपाशी ठेवलं नाही. आणि त्याला एकट्याला कोपऱ्यात नाही, पंगतीत बसवलं.

शरीरही हेच सांगतं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. पुढे अन्न मोकळं झाल्यावर त्यातले काही जण पोट तुडुंब भरलं तरी खात राहिले, समाधानच होईना. म्हणजे शिक्षेचा उपवास रात्रीचं खाणं थांबवत नाही, उलट पुढच्या रात्रीची तयारी करतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला एकाच ओळीत उभं करतात. योग दोघांनाही साधत नाही.

मग संयम नकोच का? हवा. पण संयम म्हणजे स्वतःला मारणं नव्हे, स्वतःला सांभाळणं. वेळेवर नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, मधे थोडं काही. ज्याचं पोट दिवसा सांभाळलं जातं, त्याला रात्री मनाशी बोलायला जरा ताकद उरते. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि पोळी-भाजीवर भागते. मनाची भूक बहुतेकदा एकदम येते आणि चमचमीतच मागते. ती आली की विचारावं, मला आत्ता काय झालंय? बॉसचा राग? घरची आठवण? नुसता थकवा? नाव घेतलं की कधीकधी पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत आईला फोन होतो, नामस्मरण होतं. आणि तरीही खाल्लं गेलं, तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवावं. हेच सगळ्यात अवघड आहे, आणि माझ्या मते तेच खरं तप.

असं आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने होत असेल, तर तो आजार असू शकतो. 2013 पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेली मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. सायंदेवाच्या घरी जाणं हीसुद्धा श्रीगुरूंचीच आज्ञा होती. मदत घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

आजचा नेम छोटासा: एक जेवण कुणाबरोबर तरी, मोबाईल बाजूला ठेवून. पहिला घास श्रीगुरूंना मनोमन दाखवा. आणि ज्यांना उद्या शिक्षेचा उपवास करायचा आहे, त्यांनी तो सोडा. गुरुवारचा प्रेमाने करा, तब्येतीला झेपेल तेवढाच.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!