जमीन कोणाची, परका कोण?



हट्ट्याच्या शिवारात हळद लावणाऱ्या आम्हांला जमिनीची माया समजावून सांगावी लागत नाही. बटईने केलेले रानसुद्धा दोन हंगामांत आपलेसे वाटते. केवळ जन्मभूमीमुळे ते सोडावे लागले तर?

आपल्या महाराष्ट्रात हे घडले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन रहिवाशांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबले. मुंबई-पुणे मिशनमधील जर्मन येशूसंघीय फादरही त्यातून सुटले नाहीत. १९१६ मध्ये अनेकांना मायदेशी धाडण्यात आले.

स्वतंत्र भारतात १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनुसार अशा मालमत्तेवर वारसाला हक्क नाही, मग तो भारतीय नागरिक का असेना.

युद्धकाळी राज्याने सावध राहावे, हे आम्हांला मान्य आहे. पण सावधगिरी वेगळी आणि शिक्षा वेगळी. धोका टळला की सावधगिरी संपली पाहिजे. शिक्षेला तर गुन्हा लागतो. जिथे धोकाही उरला नाही आणि गुन्हाही घडला नाही, तिथे घेतलेल्या जमिनीला न्याय कसा म्हणावे? बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, असे यहेज्केल संदेष्टा सांगतो. लेवीयच्या पुस्तकानुसार तर जमीन देवाची. आपण सारेच तिच्यावर उपरे.

कायदा बदलणे आपल्या हाती नसेल. पण भाड्याने खोली मागायला आलेल्या माणसाला नुसते आडनाव ऐकून परत पाठवणारे आपणच असतो ना? या आठवड्यात त्याचा विचार करू या.