भस्म की लाही?

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, चिमूटभर हळद आणि मक्याचे तीन-चार दाणे. ते फुटले की उरलेले दाणे एका थरात पसरायचे आणि झाकण किंचित तिरकं ठेवायचं. वाफ कोंडली तर लाह्या चिवट होतात. मीठ बारीक दळलेलं हवं, जाडं मीठ तळाशी जाऊन बसतं. वरून हिंग-कढीपत्त्याची फोडणी आणि चमचाभर मेतकूट. एवढ्याशा खटाटोपात जे घडतं, त्याकडे आपल्या दर्शनांनी फार गंभीरपणे पाहिलं आहे.

मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. उष्णता १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोचली की त्या पाण्याची वाफ कडक टरफल फोडते आणि मऊ झालेला गर उसळून फुलतो. दाणा कितीतरी पटींनी मोठा होतो. पण आता तो पेरता येत नाही.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात क्लेशांच्या संदर्भात भाजलेल्या बीजाची उपमा येते: विवेकाच्या आगीत भाजलेला क्लेश समोर विषय आला तरी पुन्हा अंकुरत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाचा अग्नी सर्व कर्मांचं भस्म करतो. तुकोबांनी मात्र बीज भाजून त्याची लाही केल्याचं सांगितलं आणि जन्ममरण संपल्याची ग्वाही दिली. मका मूळचा मेक्सिकोचा. तुकोबांसमोर ज्वारीची नाहीतर साळीची लाही असणार. त्यांच्या घरी वाण्याचा धंदा होता. कुठलं धान्य पेरायचं आणि कुठलं खायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

भस्म आणि लाही, दोन्हींतून अंकुर फुटत नाही. मग फरक कशाचा?

पातेल्याच्या तळाशी उरलेले गणंग पाहावेत. टरफलाला बारीक चीर असली की वाफ हळूहळू निसटते आणि दाणा नुसताच करपतो. एवढी आच सोसल्यावर तोही उगवणार नाही. ‘पुन्हा जन्म नाही’ एवढीच मुक्तीची व्याख्या केली, तर गणंगही मुक्तच ठरेल. खाणाऱ्याच्या मात्र तो दाताखाली येतो. विकार जळाले, पण माणूस कोरडा, कडक, कुणाच्याही उपयोगाचा नाही, अशी विरक्ती आपल्याकडे पुष्कळदा पूजली गेली आहे. तुकोबांची उपमा तिला पुरेशी मानत नाही. लाहीत दाण्याचं सत्त्व शाबूत असतं, शिवाय ती चावायला आणि पचायला हलकी होते. संपतं ते फक्त स्वतः पुन्हा उगवण्याचं सामर्थ्य.

लग्नातल्या लाजाहोमातही हीच लाही आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ, किंवा भावाच्या जागी उभा असलेला कुणी, लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीला देते. संसाराच्या आरंभी न उगवणारं धान्य का, हा प्रश्न पडायलाच हवा. पारस्कर गृह्यसूत्रातल्या मंत्रात वधू पतीसाठी आयुष्य आणि आप्तांसाठी भरभराट मागते. स्वतःसाठी त्यात काही नाही. लाहीशी हे मागणं जुळतं खरं, पण ते एकट्या वधूच्याच तोंडी का, असं आजच्या मुलीने विचारलं तर तिचं चुकत नाही. ओंजळ दोघांचीही असायला हवी होती.

तुकोबांच्या बाबतीत उपमा आणि आयुष्य यांत अंतर दिसत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी घरची माणसं गमावली, धंदा बुडाला. त्यानंतर ते कायमचे रानात एकटे राहिले नाहीत, देहूत लोकांसमोर कीर्तनाला उभे राहिले. घरी सावकारीची खतं होती. परंपरा सांगते, की तुकोबांनी या खतांच्या दोन वाटण्या केल्या, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवून कुळांना मोकळं केलं.