साक्षी आणि भोक्ता
मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक येते. त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा काहीही न खाता नुसता पाहत राहतो. वेदान्तात पहिल्याला भोक्ता, म्हणजे कर्मफळ भोगणारा जीव, आणि दुसऱ्याला साक्षी, म्हणजे सर्व पाहूनही कशातच न गुंतणारे चैतन्य, मानले जाते. साक्षीच्या नजरेचे माणसाला भय वाटत नाही, कारण पाहिलेल्यातून साक्षीला काहीच मिळवायचे नसते. इंटरनेटशी जोडलेल्या मोटारीत जो डोळा सतत उघडा असतो, तो या दोहोंपैकी कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञानाचा राहत नाही.

अशा मोटारीतील टेलिमॅटिक्स यंत्रणा गाडीचे स्थान, वेग, ब्रेक दाबण्याची रीत यांची नोंद मोबाइल जाळ्यावरून उत्पादकाकडे पाठवते आणि त्याच वाटेने उत्पादक गाडीचे सॉफ्टवेअर दुरून बदलू शकतो. ही सोय क्षुल्लक नाही. 2015 मध्ये दोन संशोधकांनी जीप चेरोकीचा ताबा दुरून घेऊन दाखवल्यावर अमेरिकेत सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्याचे जाहीर झाले, तेव्हा मालकांना टपालाने यूएसबी ड्राइव्ह पाठवावे लागले. याउलट डिसेंबर 2023 मध्ये टेस्लाने सुमारे 20 लाख गाड्यांच्या ऑटोपायलटमधील सुधारणा दुरूनच पोहोचवली. जिवावर बेतणारा दोष मालक झोपेत असताना नाहीसा व्हावा, हे निःसंशय हिताचे आहे.

तरीही या सोयीचे खरे रूप एका सत्कृत्यातच अधिक स्पष्ट दिसते. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडाकडे सरकत असताना टेस्लाने तेथील काही गाड्यांच्या बॅटरीवरील सॉफ्टवेअरची मर्यादा तात्पुरती उठवली आणि घर सोडून निघालेल्यांना एका चार्जिंगमध्ये अधिक अंतर कापता आले. बॅटरी आधीपासूनच त्यांच्या गाडीत होती. मोजलेल्या किमतीनुसार तिचा काही भाग कुलूपबंद होता. या कृतीमागील करुणा खरी मानावी. पण जो संकटात कुलूप उघडतो तो ते पुन्हा लावूही शकतो. गीतेने सात्त्विक दान परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले म्हटले आहे, आणि जे दिल्यावरही देणाऱ्याच्या हातातच राहते त्याला दान म्हणावे की सवलत, याचा निवाडा अवघड नाही.

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलेल्या प्रकरणात ही गोष्ट आणखी पुढे गेलेली दिसते. जनरल मोटर्सच्या गाड्यांतून गोळा झालेल्या वाहनचालनाच्या सवयी माहितीच्या दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होत्या आणि काही चालकांना हप्ता वाढल्यावरच त्याचा सुगावा लागला; जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्सवर अशी माहिती ग्राहक-अहवाल संस्थांना देण्यास 5 वर्षांची बंदी प्रस्तावित केली. येथे पाहणारा पक्षीच फळ खात होता. लपवण्यासारखे काही नसेल तर भय कशाचे, हा युक्तिवाद म्हणूनच चुकीच्या जागी बोट ठेवतो. प्रश्न पाहिल्या जाणाऱ्याच्या शुद्धतेचा नसून पाहणाऱ्याच्या निःस्पृहतेचा आहे.

याला उत्तर म्हणून संमती पुढे केली जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी असे म्हटले. परंतु गाडी सुरू करण्याच्या घाईत पडद्यावर दाबलेले बटण संमती या शब्दाचे ओझे पेलत नाही. आणि मोटारीत मालक एकटाच बसत नाही. सुबारूच्या अमेरिकेतील धोरणात केवळ आत बसलेला प्रवासीही वापरकर्ता गणला असल्याचे मोझिला फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिले. म्हणजे रुग्णालयातून परतताना मागच्या आसनावर मुलाशी हलक्या आवाजात बोलणारी आई, जिने कोणतेही बटण कधी दाबलेले नाही, तीही दार ओढून घेतले त्या क्षणी संमती देऊन बसलेली असते.