पश्चिमेकडे कललेली मुंबई

खडकाला वळ्या पडतात त्या दोन्हीकडून दाब आला की, हे शाळेच्या भूगोलाने आपल्या मनावर इतकं बिंबवलंय की वळी म्हटलं की हिमालयच आठवतो. महाराष्ट्रात अशा वळ्या पाहायच्या तर रामटेकच्या पुढे देवलापारकडे जावं. तिथल्या चुरगळलेल्या, शंभर कोटी वर्षांच्या घरातल्या थरांची गुंतागुंत भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३० च्या दशकात उलगडून दाखवली. विदर्भातलं मँगनीजही याच पट्ट्यातलं. मुंबईचा काळा दगड मात्र थरावर थर आडवा रचलेला, जागचा न हललेला, अशी आपली समजूत. घाटमाथ्यावर ती बरीचशी खरी आहे. मुंबईतल्या रे रोडला नाही.

पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात लाव्हाचे थर खाली वाकतात आणि मुंबईत ते पश्चिमेकडे साधारण दहा ते वीस अंश कललेले दिसतात. जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये या पनवेलच्या वाकाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं (इंग्रज कवी ऑडनचे हे थोरले भाऊ, त्यांची बरीच वर्षं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गेली). हा वाक दाबाने आलेला नाही. सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूखंड आपल्या किनाऱ्यापासून सुटून गेला, मागे राहिलेला काठ ताणला गेला, खचला आणि समुद्राकडे झुकला. काही अभ्यासक याला वाक म्हणायलाच तयार नाहीत. त्यांच्या मते हे प्रस्तरभंगांवर सरकलेले तुकडे आहेत. वाद चालू राहो. ताण मात्र दोघांनाही मान्य आहे. म्हणजे त्याच भारतीय भूपट्टाची उत्तरेची कड पुढे धडकून चुरगळली, तर पश्चिमेची आधीच ताटातुटीने वाकली होती.

या कलण्यानेच मुंबईचा नकाशा काढला, असं माझं मत आहे. कललेल्या थरांपैकी कठीण ते तगले, मऊ ते झिजले. म्हणून दक्षिणोत्तर दोन कणे उभे राहिले: पश्चिमेला मलबार हिल ते वरळी, पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल. पश्चिमेच्या कण्यातल्या बेसाल्टखाली गोड्या पाण्यातल्या गाळाचे थर आहेत. त्यांत सापडलेल्या इवल्याशा बेडकांचं वर्णन जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. असे मऊ थर झिजून दोन कण्यांमधला भायखळा-परळचा भाग खोलगट झाला आणि भरतीचं पाणी तिथे शिरू लागलं. सात बेटांचं श्रेय आपण समुद्राला देतो आणि ती जोडल्याचं इंग्रजांना; खडकाची आठवण कुणी काढत नाही.

रे रोड स्टेशनच्या पश्चिमेला घोडपदेवचा चढ लागतो, पूर्वेला दारूखान्याची सपाटी. चढ खडकाचा, सपाटी बरीचशी पोर्ट ट्रस्टच्या भरणीची, १९१२ च्या सुमारास पुरी झालेली. तिथून थोडं दक्षिणेला, १८८० मध्ये खुला झालेला प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराची शेकडो झाडं सापडली, त्यातली कितीतरी मुळांसकट जागच्या जागी उभी. जमीन खचली की समुद्र चढला यावर मतभेद होतील, पण आज भरतीच्या पाण्याखाली असणाऱ्या पातळीवर एकेकाळी रान होतं, हे नक्की.

दादर-परळच्या हिंदमाताला पाणी तुंबलं की आपण नालेसफाईच्या नावाने ओरडतो. ओरडावंच, पण ती जागा म्हणजे दोन कण्यांमधला जुना खोलगट भाग आहे, हे मनपाच्या फलकावर कुठे वाचलंय? आता पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनींवर नव्या आराखड्यांची चर्चा चालते. ते आराखडे करणाऱ्यांना एकच विनंती: एफएसआयच्या तक्त्याआधी त्यांत खडकाचा नकाशा छापा, आणि मूळ किनारा कुठे संपतो, भरणी कुठे सुरू होते, ती रेघ ठळक शाईत काढा.