नावाने हाक

माणूस हा देवाचे प्रतिरूप आहे (उत्पत्ती 1:27), हे आपली तिसरी-चौथीची मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात घडाघडा सांगतात. घरी मात्र धुणीभांडी करणाऱ्या, आजीच्या वयाच्या बाईंना ती 'ए' म्हणून हाक मारतात. कोणी शिकवले? वर्गात तर नाही! ती आपले ऐकून शिकतात.

वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा, असे तत्त्वज्ञ कांट यांनी 1785 साली मांडले. आपण पैसे देतो ते कामाचे, माणसाचे नव्हे. जक्कयला सारे पापी म्हणत. येशूने त्याला नावाने हाक मारली (लूक 19:5).

या आठवड्यात मुलांसमोर त्या बाईंना त्यांचे नाव विचारू या. त्यांचा चहाचा कप आपण वेगळा ठेवत असू, तर तो आपल्या कपांत ठेवू या. मुले कारण विचारतीलच.