अहिंसाव्रती आणि दुसऱ्याचा हक्क

लोणारला राजा कान्हरदेव सर्वज्ञांच्या भेटीस आल्याची लीळा वाचकांस परिचित आहे. परंतु आपल्या मार्गातील समता राजाज्ञेने आलेली नाही. चारी वर्णांत भिक्षा आणि स्त्रीशूद्रांस संन्यास हे सर्वज्ञांनी स्वतःच्या परिवारातच आचरून दाखविले.

मग अहिंसाव्रती साधकाने दुसऱ्याच्या हक्कासाठी उभे राहावे काय? विरोध आला की द्वेष आलाच, असे कित्येक म्हणतात. ते मला मान्य नाही. विठ्ठलोपासना आपल्या मार्गात नाही, तरी एक उदाहरण घेतो. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले. दार स्वतःसाठी नको होते, ते त्यांना उघडेच होते. आणि अडविणाऱ्यांस क्लेश न देता त्यांनी स्वतःचाच देह झिजविला.